अथणीच्या चप्पल कारागिरांकडचे चामड्याचे तुकडे उसाला खत म्हणून चालतील का?

नुसते तुकडे टाकून उपयोग नाही; आणि आधी चामडं कसं कमावलंय ते विचारा. अथणी-निपाणीकडची पारंपरिक कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेल्या कातड्याची. त्यात क्रोमियम हा जड धातू नसतो. बूट-बॅगांचं चामडं मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं; कापलेली कड निळसर-राखाडी दिसली तर शेतात आणूच नका. त्यातला क्रोमियम-३ जाळल्यावर घातक क्रोमियम-६ होऊ शकतो, म्हणून राख तर नकोच.

चामडं म्हणजे प्रथिन, नत्र भरपूर. पण कमावतात तेच कुजू नये म्हणून! सरीत नुसते तुकडे टाकलेत तर वर्षभरानेही नांगराला लागतील. कारखान्यात दाबाखालच्या वाफेने शिजवून, वाळवून, दळतात. मग नत्र हळूहळू सुटतं. घरी ते जमत नाही. त्यापेक्षा कमावण्याआधी कातड्यावरून काढलेले केस, खरवडलेलं मांस मिळालं तर शेण-पाचटात कुजवा. त्यात चुना असतो आणि आपलं काळं रान बहुधा आधीच चुनखडीचं, तेव्हा बेतानंच.