आधी काठी त्याच्या हातात दे

तुझं पत्र दोनदा वाचलं. विल्यम्स सिंड्रोम असलेला तुझा विद्यार्थी गाणं लागलं की उजळतो, आणि ड्रमचा एक ठोका पडला की कान झाकून कोपऱ्यात जातो. मग याला संगीत आवडतं की नाही, असं विचारतेस. आवडतं गं! ७ व्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला २५ ते २७ जनुकांचा तुकडा या मुलांत नसतो. संगीताची ओढ आणि आवाजाची धास्ती दोन्ही त्यांच्यात एकत्र नांदतात.

धास्ती मोठ्या आवाजाचीच असते असं नाही, न सांगता आलेल्या आवाजाची जास्त असते. म्हणून काठी आधी त्याच्या हातात दे. ड्रमवर जाड टॉवेल घाल, ठोका त्यालाच मारू दे. तो आपणहून जोरात वाजवायला लागला की टॉवेलची एक घडी कमी कर. तुला वाजवायचं असेल तर "एक, दोन, तीन" मोजून वाजव. "सवय होईल" म्हणून मुद्दाम दणका देऊ नकोस, त्याने भीती पक्की होते. कान झाकणारे हेडफोनही गोंगाटापुरतेच. दिवसभर घातले तर कान आणखी हळवे होतात.

आणि ते नोटेशनचं पुस्तक मिट! रेघांवरचे ठिपके वर आहेत की खाली, हे ओळखणं त्याला मुळातच जड जातं, कारण जागेचा अंदाज हीच त्याची कमकुवत बाजू आहे. यात आळस कुठे आला? चार मात्रांचा तुकडा गाऊन दाखव, त्याला गाऊ दे, मग कीबोर्डवर पाचच पट्ट्यांना रंगीत टिकल्या लाव. बोटं अडखळतील, तेव्हा लय धीमी कर, तुकडा बदलू नकोस.

रेट सिंड्रोम, म्हणजे हातांवरचा ताबा हरवणारा जनुकीय विकार, असलेल्या मुलीला शिकवायची वेळ आली तर हात ऐकणार नाहीत, नजर ऐकेल. दोन गाण्यांची दोन चित्रं समोर धर आणि मनात दहापर्यंत मोज. तिसऱ्या सेकंदाला आपणच गाणं निवडून टाकलं, तर काठी पुन्हा आपल्याच हातात आली.

कार्यक्रमात कधी गाणार, असं पालक विचारतील. विल्यम्सच्या मुलांचा सूर उपजतच पक्का असतो हा समज आहे. काहींचा असतो, अनेकांचा नसतो. मी स्टेजला नाही म्हणते आणि हट्टी ठरते. ठरू दे. हे मला उशिरा उमजलं, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

श्रवणचाचणी झाली आहे का, तेही त्याच्या आईला विचार. मोठेपणी यांच्यातल्या अनेकांना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, आणि कान झाकणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असेल अशी शंका कुणाला येत नाही.