कृषी सल्ला: पानांवरचे ठिपके बुरशीचे की हवेचे?

प्रश्न : साहेब, निफाड तालुक्यात महामार्गालगत अडीच एकर द्राक्षबाग आहे. जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आलेत. दोनदा बुरशीनाशक मारलं, फरक नाही. शेजारी वीटभट्टी आहे. धुरामुळे होतंय का? मालाच्या प्रतीवर परिणाम होईल का? घरच्या गव्हाचं काय?

उत्तर : तिसरी फवारणी थांबवा आणि आधी पान उलटं करून बघा. खाली पांढरी लव असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग. भिंगातून बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी ही बारीक कीड; धुळीच्या पानावर तो हमखास वाढतो. खालची बाजू स्वच्छ, शिरा हिरव्या आणि ठिपके फक्त वर, शिरांच्या मधल्या जागेत असतील, तर संशय ओझोनचा.

हा वायू कुठल्या नळीतून बाहेर पडत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यापासून तो उन्हात तयार होतो, दुपारी जास्त. वाऱ्याबरोबर लांब जातो, म्हणून शहरापेक्षा शिवारात जास्त सापडू शकतो. पानाच्या छिद्रांतून आत शिरून तो पेशी जाळतो. त्यावर दुकानात औषध नाही, कोणी देत असेल तर घेऊ नका.

भट्टीची खूण वेगळी. तिच्या धुरातल्या फ्लोराईडने पानांच्या कडा करपतात. पालाश (पोटॅश) कमी पडला तरी कडा करपतात, म्हणून भट्टीवाल्याशी भांडण्याआधी देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी, करून घ्या.

प्रतीचं म्हणाल, तर पान थकलं की घडाला अन्न कमी पोचतं. मणी लहान राहतात, साखर उशिरा भरते. गव्हात शेवटचं पान लवकर पिवळं पडतं, दाणा चिमतो. अशा दाण्यात पिठूळ भाग कमी, म्हणून प्रथिनांची टक्केवारी उलट वाढलेली दिसू शकते. त्यावर खूश होऊ नका, एकरी प्रथिनं घटलेलीच असतात.

धुळीवर मात्र उपाय आहे. रस्त्याच्या बाजूला हिरवी जाळी लावा. फुलोरा सोडून, सकाळी साध्या पाण्याने पानं धुवा. संध्याकाळी नको, पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनीला आवतण. छाटणीच्या काड्या बांधावर पेटवू नका, बारीक करून वरंब्यावर टाका.

तपासायला पानं आणाल तेव्हा रस्त्याकडच्या पहिल्या ओळीतली आणि आतल्या शेवटच्या ओळीतली वेगवेगळी, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि मग काहीच ओळखू येत नाही.