भाची म्हणते "मी लिटरली मेले", मग बोलतेय कोण?

प्रश्न असा आलाय की कॉलेजातली भाची उठसूट "हसून हसून लिटरली मेले मी" म्हणते, हे इंग्लिश चूक ना?

तर लिटरलीचा मूळ अर्थ जसं लिहिलंय अगदी तसंच. लॅटिनमध्ये लिटरा म्हणजे अक्षर, त्यावरून आलाय, म्हणजे आपल्या अक्षरशःचा सख्खा भाऊच म्हणा ना. आणि आपण तरी काय करतो, "सभेला अक्षरशः माणसांचा पूर लोटला" असं बिनधास्त लिहितो, तिथे कोणी होड्या काढत नाही! त्यामुळे भाचीला टोकायचं तर आधी पेपरवाल्यांना टोका.

आणि हे आजकालच्या पोरांचं खूळ पण नाहीये. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनच्या १८७६ च्या टॉम सॉयर या कादंबरीत टॉम नावाचा पोरगा कुंपण रंगवायचं काम दुसऱ्या पोरांच्या गळ्यात मारतो, वर त्यांच्याकडूनच वस्तू उकळतो, आणि ट्वेन लिहितो की तो लिटरली संपत्तीत लोळत होता. संपत्ती काय, तर बारा गोट्या, पतंग, एक मेलेला उंदीर आणि तो गरगर फिरवायला दोरी. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने हा नुसता जोर देणारा अर्थ २०११ मध्ये नोंदवला, लोकांच्या लक्षात आलं २०१३ ला आणि मग काय ती बोंबाबोंब. अहो व्हेरीचा अर्थसुद्धा मुळात "खरा" असा होता, आता त्यात खरंखोटं कोण बघतं.

मराठीत मात्र एकच शब्द सगळीकडे बसत नाही. "त्याने लिटरली बॉसला गाढव म्हटलं" इथे मी "चक्क" हा शब्द वापरेन कारण बोलणाऱ्याला धक्का बसलाय. "लिटरली पाच मिनिटांत आले" याला खरंच पाच मिनिटांत. "लिटरली रडकुंडीला आले" याला अक्षरशः. शब्दशः फक्त भाषांतर किंवा कोणाचं बोलणं जसंच्या तसं सांगताना, शब्दशः रडलो असं कोणी म्हणत नाही.

गप्पांमध्ये चालू दे तिचं. फक्त दोन्ही अर्थ लागू शकतात तिथे जपून, "पावसात आमचं घर लिटरली वाहून गेलं" असा मेसेज टाकला आणि गेली होती फक्त गच्चीवरची ताडपत्री, तर मामा गाडी काढून निघायचा तिकडे.