थंडीत गळाला काय लावायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीपर्यंत दारणा धरणावर शेंगदाणा पेंड आणि कणकेच्या गोळ्याला रोहू-मृगळ चांगले लागत होते. डिसेंबरपासून जागा तीच, गोळा तोच, पण भेंड (दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण) जागचं हलत नाही. मग आता हिंग आणि एसेन्स वाढवायचा का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे. वास वाढवू नका. आमिष लहान करा, मऊ करा आणि त्यातलं तेल कमी करा.

कारण माशाच्या पोटात आहे. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर खाली-वर होतं. रोहू, कटला, मृगळ हे 25 ते 30 अंशांत जोमाने खातात. पाणी 20 च्या खाली गेलं की त्यांचं पचन मंदावतं, आणि आधीचं पचल्याशिवाय पुढच्या घासाची भूक लागत नाही. निफाडला पारा 6-7 वर आला तरी धरणाचं पाणी तेवढं गार होत नाही, पण महिनाभर रात्री थंड पडल्या की तेही हळूहळू उतरतं. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा आणि हवेऐवजी पाणी मोजा. 22 च्या वर असेल तर तुमची नेहमीची पेंड चालेल. 18-19 दिसलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी तेलाचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. मासा वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या गोष्टींचा. तेल विरघळत नाही, आणि गारठ्यात ते घट्ट होऊन पिठाच्या कणांना धरून बसतं. खोबरेल तर 24 अंशांच्या आसपासच गोठायला लागतं, म्हणजे डिसेंबरात गोळ्यात खोबरेल घालणं म्हणजे वासाला आतच कोंडून ठेवणं. घाण्याच्या पेंडीतही बरंच तेल उरलेलं असतं. म्हणून थंडीत पेंड एक मूठ एवढीच ठेवा आणि बाकी भर पंढरपुरी डाळ्याचं पीठ, तांदळाची पिठी आणि ब्रेडचा चुरा यांची घाला. गोडव्यासाठी गुळाचं पाणी घ्या, ते पाण्यात लगेच पसरतं. हिंग घालायचाच असेल तर कोमट पाण्यात कालवून, चिमूटभर.

नुसती कणीक का चालत नाही, तर गव्हाच्या पिठाला चिकटा असतो आणि गार पाण्यात ती आवळून रबरासारखी होते. ऑक्टोबरात भुकेला मासा ती ओढून खातो, जानेवारीत तोंडात घेऊन थुंकून देतो. त्यामुळे कणीक फक्त गोळा गळावर टिकेल एवढीच, साधारण चौथा हिस्सा. कडा काढलेल्या ब्रेडचा मगज भिजवून, पिळून त्यात मळला की गोळा हलका आणि फुसका होतो.

गोळा जमला की नाही हे घरी ठरवू नका. घरचं पाणी कोमट असतं, त्यात सगळंच विरघळतं. काठावर पोचल्यावर पारदर्शक बरणीत धरणाचं पाणी घ्या, हरभऱ्याएवढा गोळा गळाला लावून आत सोडा आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांत त्याच्याभोवती पांढुरका धूर दिसायला हवा, आणि दहा-पंधरा मिनिटांत गळ हलवला की गोळा सुटायला हवा. अर्ध्या तासानंतरही टणक असेल तर ब्रेड वाढवा. पाण्यात पडताच फुटला तर थोडी कणीक. ही बरणी मी थंडीत पिशवीतून काढतच नाही.

गोळा खरोखर हरभऱ्याएवढाच हवा, आणि त्याला साजेसा गळ 10 किंवा 12 नंबरचा. पावसाळ्यानंतर पाण्यातला गाळ बसलेला असतो, पाणी नितळ असतं, तेव्हा जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, माशाला दिसतं. पुढचं टोक 0.20 मिलिमीटरच्या आसपासचं लावा. भेंडही बारीक घ्या. थंडीतला मासा भेंड बुडवत नाही, ते नुसतं थरथरतं किंवा एका बाजूला सरकतं, आणि मोठ्या भेंडावर हे कळतच नाही.

मासे जमवायला पाण्यात चारा टाकता, त्यात हात आखडता घ्या. लिंबाएवढे दोन-तीन गोळे, तेही नुसत्या कोंड्याचे आणि भुसभुशीत. एकदा टाकले की तासभर काही नाही. पोट भरलेला मासा उन्हाळ्यात काही तासांत परत येतो, थंडीत तो दिवस तुमच्या हातून गेलाच.

आता गांडूळ. माझ्या मते थंडीत याच्याइतकं भरवशाचं आमिष नाही. मऊ आहे, पचायला सोपं आहे आणि तोडलं की त्यातला रस लगेच पाण्यात उतरतो. अख्खं लावू नका, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे, एक टोक मोकळं वळवळतं ठेवून. जानेवारीत बांधावरची माती उकरून गांडुळं मिळत नाहीत, ती खाली गेलेली असतात. शेणखताच्या जुन्या ढिगाच्या कडेला बघा, आत ऊब असते. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. चिलापी, मृगळ, वाम, सगळे याला येतात. वामेसाठी तर संध्याकाळनंतर दगडांच्या कडेला, तळाला टेकवून, दुसरं काही लावूच नये.

सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्पचं, गणित थोडं वेगळं. तो मूळचा थंड पाण्याचा मासा, रोहू गप्प बसतो तेव्हाही हा तळ उकरत असतो. भिजवून मऊ शिजवलेल्या मक्याचा एकच दाणा लावा, तीन नको. तुमच्या भागात तो असेल तर थंडीत मी त्याच्याच मागे लागेन. चिलापी उलट, गारठ्याला सगळ्यात आधी हार मानते, 16-17 अंशांवर जवळपास खाणंच सोडते. ती दुपारी उन्हाने तापलेल्या उथळ दगडांत मिळेल, तीही बारीक गांडुळावर. शिंगाळ्याला सोललेल्या झिंग्याचा लहान तुकडा किंवा कोंबडीच्या काळजाची पातळ पट्टी रात्री लावून बघा. कटल्याचा नाद मात्र फेब्रुवारीपर्यंत सोडा.

आणि वेळ. पहाटे पाचला कुडकुडत जाऊन बसण्यात काही अर्थ नाही. पाणी सगळ्यात गार असतं ते सूर्य उगवताना. अकराला जा, चारपर्यंत बसा. दुपारचं ऊन ज्या काठावर पडतं आणि वारा ज्याच्याकडे वाहतो तो काठ निवडा, कारण वरचं तापलेलं पाणी तिकडेच जमा होतं.

जागेबद्दल एक सांगून ठेवतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारून, पावती असेल तर ती घेऊनच बसा. आणि निफाडजवळ आहे म्हणून नांदूर मध्यमेश्वरला जाल, तर ते अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा नाही. थंडीत तिथे पाहुणे पक्षी उतरलेले असतात, त्यांच्या पायात तंगूस अडकलं की ते सुटत नाहीत. तुटलेलं तंगूस कुठल्याही काठावर टाकू नका, गुंडाळून घरी आणा.

येत्या रविवारी दारणेवर गेलात तर पाण्याचं तापमान, गळाचा नंबर आणि गोळा बरणीत किती मिनिटं टिकला एवढं लिहून इथे टाका. त्यावरून पीठ किती, ब्रेड किती हे नीट ठरवता येईल.