लेकीची वही बंद करू नका, तिच्यात एक रकाना वाढवा

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालेल्या सगळ्यांची ती मराठीत नोंदवही करते आहे. नाव, साल, देश, फोटो. पुढच्या वर्षी कॅम्पस प्लेसमेंट आहे. हा वेळ कोडिंगला द्यावा, असं मला वाटतं. यातून करिअर होतं का? – एक वडील, सातारा

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. नुसती नावं-सालं उतरवून काही हाती लागणार नाही. पण वही बंदही करायला लावू नका. तिला एक रकाना वाढवायला सांगा : ‘पुरस्कार नेमका कोणत्या कामासाठी?’

टोनी होअर यांचंच बघा. क्विकसॉर्ट, म्हणजे यादी झटपट क्रमाने लावण्याची पद्धत, होअर यांची, हे तिला पाठ असेल. मॉस्को विद्यापीठात असताना, रशियन वाक्यातले शब्द शब्दकोशात शोधण्याआधी ते अकारविल्हे लावायचे होते, त्या गरजेतून त्यांना ही पद्धत सुचली. पण 1980 चा पुरस्कार मिळाला तो प्रोग्रॅमिंग भाषांची व्याख्या आणि रचना यांतल्या मूलभूत कामासाठी. मानपत्र उघडून न वाचणारा माणूस इथे हमखास चुकीची नोंद करतो. ते वाचून, पडताळून, सोप्या मराठीत मांडणारी मुलगी टेक्निकल रायटिंगचं, म्हणजे तांत्रिक गोष्टी समजतील अशा लिहिण्याचं, मूळ कसबच शिकते आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत या कामाची वेगळी पदं असतात. पुढे संशोधनाकडे वळली तरी हीच सवय कामी येईल.

सालाचंही तसंच. यंत्राला बक्षिसातून शिकवण्याच्या पद्धतीचा (रीइन्फोर्समेंट लर्निंग) पाया घालणारे अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना 2024 चा पुरस्कार मिळाला, पण जाहीर झाला मार्च 2025 मध्ये. दोन्ही तारखा लिहाव्यात.

प्लेसमेंटचा अभ्यास याच वहीतून होऊ शकतो. डीबीएमएसच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालींच्या) पेपरात ती जे रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत, शिकते, ते एडगर कॉड यांनी 1970 च्या शोधनिबंधात मांडलं. त्यांना हा पुरस्कार 1981 मध्ये मिळाला. त्या नोंदीपुढे तिने स्वतः लिहून चालवलेल्या चार एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, असू द्या. होअर यांच्यापुढे क्विकसॉर्टचा कोड. रोजचा कोडिंगचा सराव मात्र आधी, वही नंतर. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

एक नोंद तिने सविस्तर करावी, असं मला मनापासून वाटतं. फ्रान्सिस अ‍ॅलन गणिताच्या शिक्षिका होत्या. शिक्षणाचं कर्ज फेडण्यापुरती नोकरी म्हणून 1957 मध्ये आयबीएममध्ये लागल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्रोग्रॅम अधिक वेगवान कसा करावा, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. पुरस्कार 1966 पासून दिला जातो. तो मिळवणारी पहिली स्त्री म्हणून अ‍ॅलन यांचं नाव आलं 2006 मध्ये. त्यानंतर 2008 मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि 2012 मध्ये शफी गोल्डवासर. 2024 पर्यंतच्या यादीत स्त्रिया एवढ्याच. तुमच्या लेकीने हे लिहिलंच पाहिजे.

आणि राज रेड्डी. आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचे, मद्रासच्या गिंडी कॉलेजचे इंजिनीअर, 1994 चे मानकरी. त्या काळी ते कॉम्प्युटरकडे कसे वळले असतील, हे तिला शोधू द्या.

दर रविवारी एक नोंद तिला तुमच्यासमोर तोंडी सांगायला लावा. तुम्हाला समजलं नाही, तर तिने ती पुन्हा लिहावी. मुलाखतीची तयारी घरीच सुरू होईल.