ट्रॅव्हल नर्सिंग सुरू करताना एजन्सीआधी करार पाहा

प्रश्न असा आहे : "मी नॉर्थ कॅरोलिनात दोन वर्षांपासून टेलिमेट्री वॉर्डात (जेथे रुग्णांचे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर पाहिले जातात) नर्स आहे. ट्रॅव्हल नर्सिंग सुरू करायचे आहे. कोणती एजन्सी चांगली? घरचे म्हणतात की कायमची नोकरी सोडून तेरा आठवड्यांच्या कामामागे धावू नकोस. काय करावे?"

ट्रॅव्हल नर्सिंग म्हणजे एजन्सीमार्फत वेगवेगळ्या रुग्णालयांत ठरावीक आठवड्यांच्या करारावर केलेले काम. एजन्सीबद्दल शेवटी लिहिते, कारण तो या निर्णयातील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मी लिहायला बसले ती तुमच्या घरच्यांच्या वाक्यामुळे. हेच वाक्य माझ्या आईने मला ऐकवले होते, आणि तो वाद आमच्या घरात अद्याप मिटलेला नाही.

माझी आई सांगली जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यानंतर कंत्राटी परिचारिका तिच्याशेजारी काम करू लागल्या. वॉर्ड तोच, रात्रपाळी तीच, जबाबदारी तीच. मात्र पगार तिच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि अकरा महिने संपत आले की पुढची ऑर्डर निघेल की नाही याची धास्ती. त्यामुळे मी नॉर्थ कॅरोलिनातील रॅली शहरातील रुग्णालयाचा राजीनामा देणार असल्याचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून, परीक्षा देऊन, सातासमुद्रापलीकडे जाऊन शेवटी कंत्राटीच व्हायचं होतं का?" तिने जे पाहिले ते खरे होते आणि त्याबद्दलचा तिचा संतापही योग्य होता. परंतु त्यावरून अमेरिकेतील नोकरीबद्दल तिने काढलेला निष्कर्ष मला तेव्हाही चुकीचा वाटत होता आणि आजही वाटतो.

आईच्या नोकरीला सेवानियमांचे आणि निवृत्तिवेतनाचे संरक्षण होते. तिला काढायचे तर चौकशी करावी लागली असती. अमेरिकेत खासगी रुग्णालयातील ज्या जागेला आपण कायमची म्हणतो, तिच्यामागे असे काहीही नसते. मोंटाना वगळता सर्व राज्यांत मूळ नियम असा आहे की, भेदभाव किंवा सूडबुद्धीसारखे कायद्याने निषिद्ध केलेले कारण नसेल, तर मालक कोणत्याही दिवशी, कारण न देता, कर्मचाऱ्याला कमी करू शकतो. तुमच्या स्टाफ नर्सच्या नेमणूक पत्रात किती तासांची हमी आहे, कोणत्या वॉर्डात पाठवता येईल आणि काढल्यास किती दिवसांची सूचना मिळेल, हे एकदा शोधून पाहा. बहुतेक पत्रांत यांपैकी काहीच सापडणार नाही. ट्रॅव्हल नर्सच्या करारात मात्र हे सर्व लिहून घेता येते. मी ते लिहून घेतले होते, आणि त्याचा अर्थ मला पहिल्याच कामावर कळला.

ते काम पश्चिम टेक्सासमधील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात टेलिमेट्री वॉर्डाचे, रात्रपाळीचे होते. फोनवरील मुलाखतीत व्यवस्थापिकेने मला फारसे काही विचारले नाही. मीच तिला एका नर्सकडे किती रुग्ण असतात, नोंदी कोणत्या प्रणालीत होतात आणि फ्लोट कुठे करतात, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्या कोणत्या वॉर्डात पाठवतात, हे विचारले. करारात मी एक कलम घालून घेतले होते की मला टेलिमेट्री किंवा त्याहून कमी गंभीर रुग्णांच्या वॉर्डातच पाठवले जाईल. ओळखीसाठी मिळालेल्या दोन पाळ्या संपून फार दिवस झाले नसतील, तेव्हा एका रात्री पर्यवेक्षिकेने मला आयसीयूत जाण्यास सांगितले. तेथे माझ्या वाट्याला दोन रुग्ण होते. दोघेही व्हेंटिलेटरवर, आणि त्यांतील एकाला रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिन या औषधाची ड्रिप चालू होती, जिचा वेग रक्तदाब पाहून सतत कमीजास्त करावा लागतो. मला या कामाचे प्रशिक्षण नव्हते.

मी रिपोर्ट, म्हणजे आधीच्या पाळीच्या नर्सकडून रुग्णांची माहिती व ताबा, घेण्यास नकार दिला. हा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण परवाना त्यावर अवलंबून असतो : रिपोर्ट घेऊन रुग्ण स्वीकारले आणि मग सोडून गेलात, तर रुग्णाला वाऱ्यावर सोडल्याचा आरोप येऊ शकतो, स्वीकारण्याआधी, कारण देऊन, दुसरा मार्ग सुचवून नकार दिलात तर प्रश्न वेगळा असतो. मी सांगितले की मी आयसीयूत मदतनीस म्हणून येते, रुग्णांची कूस बदलण्यापासून रक्तातील साखर तपासण्यापर्यंत सर्व करते, किंवा आमच्या वॉर्डातील आयसीयूचा अनुभव असलेल्या नर्सला येथे पाठवा, मी तिचे रुग्ण घेते. त्यावर पर्यवेक्षिकेने विचारले, "मग तुम्हाला जास्त पैसे कशासाठी मिळतात?"

जास्त पैसे तातडीची निकड भागवण्यासाठी, घरापासून दूर राहण्यासाठी आणि दोन पाळ्यांत नवे रुग्णालय समजून घेण्यासाठी मिळतात. येत नसलेले काम येते असे दाखवण्यासाठी ते मिळत नाहीत. टेक्सासच्या कायद्यात यासाठी सेफ हार्बर नावाची तरतूद आहे : आपल्याला दिलेले काम स्वीकारल्यास रुग्णाप्रती असलेल्या कर्तव्याचा भंग होईल असे नर्सला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ते काम सुरू करण्यापूर्वी, किंवा पाळीच्या मध्यात काम बदलले गेल्यास त्या वेळी, तिने लेखी अर्ज द्यायचा असतो. त्यानंतर समव्यावसायिकांची समिती प्रकरण तपासते, आणि त्या अर्जासाठी नर्सवर सूड उगवता येत नाही. मी तो अर्ज तेथेच, उभ्याउभ्या भरला आणि त्यावर वेळ घातली. अखेर आयसीयूत पूर्वी काम केलेली आमची सहकारी तिकडे गेली आणि मी तिचे रुग्ण सांभाळले. रुग्ण कमी झाल्याचे कारण देऊन रुग्णालयाने पुढच्याच आठवड्यात माझा करार रद्द केला.

आईने फोनवर लगेच सांगितले, "बघ, कायम असतीस तर काढलं नसतं." नेमके उलट झाले होते. करारात दोन आठवड्यांच्या सूचनेचे कलम होते, त्यामुळे त्या काळातील हमीच्या तासांचे पैसे मला मिळाले. खोली महिन्याच्या बोलीने घेतली होती, त्यामुळे भाडे अंगावर आले नाही. जी सहकारी माझ्याऐवजी आयसीयूत गेली ती त्या रुग्णालयाची तथाकथित कायम नर्स होती. तिला तेथे वारंवार पाठवत असत आणि तिच्याकडे दाखवण्यासारखे एकही कलम नव्हते. तिच्या मुलांचा आरोग्य विमा त्याच नोकरीशी बांधलेला असल्यामुळे ती नकार देऊ शकत नव्हती, हे तिनेच मला सांगितले. आमच्या दोघींपैकी कोण अधिक सुरक्षित होती, हा प्रश्न मी आईला विचारला आणि तुमच्या घरच्यांनाही तोच विचारते.

आता पैशांबद्दल, कारण जाहिरातीतील आकडा फसवा असतो. समजा आठवड्याला 2,200 डॉलर सांगितले. त्यात 36 तासांचे तासाला 25 डॉलरप्रमाणे 900 डॉलर करपात्र वेतन आणि राहण्या-जेवणाचा 1,300 डॉलर करमुक्त भत्ता, अशी फोड असू शकते. अशा करारात तुमचा नेहमीचा तास सरासरी 61 डॉलरचा पडतो आणि दीडपट ओव्हरटाइमचा तास 37.50 डॉलरचा, म्हणजे जादा काम स्वस्तात जाते. कामाच्या तासांनुसार कमीजास्त होणारा भत्ता हे प्रत्यक्षात वेतनच आहे आणि ओव्हरटाइम मोजताना तो धरला पाहिजे, असे नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने 2021 मध्ये एका प्रकरणात ठरवले. तरीही फोड लेखी मागा. करपात्र वेतन कमी असले की सोशल सिक्युरिटीतील, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेतील, नोंदही कमी होते आणि घरासाठी कर्ज घेताना बँक हात आखडता घेते. भत्ता करमुक्त राहण्यासाठी खरे घर हवे, ज्याचा खर्च तुम्ही कामाच्या ठिकाणच्या खर्चाव्यतिरिक्त उचलत आहात. मैत्रिणीचा पत्ता टपालापुरता वापरणे म्हणजे घर नव्हे. एकाच ठिकाणी वर्षाहून अधिक काळ काम चालणार हे स्पष्ट झाले, की त्या ठिकाणचा भत्ताही करपात्र होतो.

परवान्याच्या बाबतीत तुम्ही सुस्थितीत आहात. नॉर्थ कॅरोलिना नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचे नर्सिंग परवाने मानणाऱ्या राज्यांच्या करारात, असल्याने, तुमचा परवाना बहुराज्यीय असल्यास टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा राज्यांत वेगळा अर्ज करावा लागत नाही. आपल्या अनेक मैत्रिणींचे लक्ष कॅलिफोर्नियाकडे असते आणि ते रास्तही आहे, कारण तेथे नर्समागे किती रुग्ण असावेत हे 2004 पासून कायद्याने बांधलेले आहे. टेलिमेट्रीत एका नर्सकडे जास्तीत जास्त चार. पण कॅलिफोर्निया कॉम्पॅक्टमध्ये नाही, आणि भारतात शिकलेल्या नर्सच्या शिक्षणाचे कागद थेट तिच्या महाविद्यालयाकडून जावे लागतात. मिरजेहून माझे कागद निघेपर्यंत माझा बराच काळ पाठपुराव्यात गेला. तुम्हाला तिकडे जायचे असेल तर अर्ज आजच करा.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही ईबी-3 वर, म्हणजे नोकरी देणाऱ्याने प्रायोजित केलेल्या ग्रीन कार्डाच्या व्हिसावर, आला असाल आणि प्रायोजकाबरोबरच्या बांधिलकीचा काळ संपला नसेल, तर राजीनाम्यापूर्वी तो करार इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा; त्यातील दंडाची रक्कम मोठी असू शकते. ज्या रुग्णालयांत मजबूत युनियन आहे, तेथील कायम नर्सबद्दल मी वर लिहिलेले लागू होत नाही, कारण तेथे सामूहिक करार तिचे रक्षण करतो. सेफ हार्बर सर्व राज्यांत नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल आणि विमा तुमच्याच नोकरीतून येत असेल, तर दोन कामांमधील रिकाम्या आठवड्यांत विम्याचे काय होते, हे आधी विचारून घ्या. आणि दोन वर्षांचा अनुभव पुरेसा असला, तरी अनोळखी वॉर्डात पहिल्याच रात्री कोणाला न विचारता रुग्णाची घसरण ओळखता येते का, याचे उत्तर केवळ तुम्हीच देऊ शकता.

राहिली एजन्सी. एकाच रुग्णालयातील एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून लेखी फोड मागवा. फ्लोटची मर्यादा, हमीचे तास आणि करार रद्द करण्याची सूचना ही तीन कलमे जी एजन्सी सहीपूर्वी लिहून देईल तिच्याबरोबर जा, मग तिचा आकडा आठवड्याला शंभर डॉलरने कमी का असेना. "आधी सही करा, कलमांचे नंतर पाहू" असे रिक्रूटर म्हणाला, तर त्याच्याशी पुढे बोलू नका.