बाईकचा टायर किती किलोमीटरला बदलायचा?

तुम्ही विचारलंय की १२५ सीसीची गाडी १८ हजार किलोमीटर झाली, पावसाळ्यात ठोसेघरला जायचंय, मागचा टायर बदलावा का आणि टायरचा हिशेब कसा ठेवावा.

मी साताऱ्यात औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. कोरेगाव, फलटण, वाई, कधी महाबळेश्वर, सगळं बाईकवर. प्रवासभत्त्यासाठी रोजचं रीडिंग डायरीत लिहावं लागतं, त्यातूनच ही सवय लागली. टायर बसवला त्या दिवशीचं रीडिंग लाल पेनाने लिहितो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्षीची खोली आणि हवा. बास, एवढाच हिशेब. मोबाईलवरची ॲप दोनदा घेतली, दोन्ही वेळा आठवड्यात विसरलो.

त्या डायरीने एकदा चांगलंच उघडं पाडलं. पहिला मागचा टायर २४ हजार चालला, त्याच कंपनीचा तसाच दुसरा १७ हजारातच संपला. मी टायरला शिव्या घालत होतो. मग मागची पानं चाळली. पहिला टायर मधोमध सपाट झाला होता, फलटणच्या सरळ रस्त्याने तसंच होणार. दुसऱ्याची नक्षी मात्र दोन्ही कडांना आधी गेली होती, म्हणजे हवा कमी. पण हवा तर मी दर आठवड्याला भरत होतो! स्वतःचा प्रेशर गेज विकत आणला तेव्हा कळलं, मी जिथे भरायचो तिथला काटा ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवत होता. मी ३० समजून २५ वर फिरत होतो, तेही मागे बायको आणि भाजीची पिशवी घेऊन.

म्हणून किलोमीटरपेक्षा टायर कुठे झिजलाय ते बघा. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजा. फिरून आल्यावर टायर तापतो आणि काटा चढतो. हवा किती भरायची तो आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' (TWI) अशी अक्षरं असतात, ती झीज दाखवणारी खूण. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघा, तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. दुचाकीला कायद्याची मर्यादा ०.८ मिमीची आहे. मी तितकी वाट बघत नाही. यवतेश्वर घाटात पहिल्या पावसात मागचं चाक एकदा सरकलंय, तेव्हा नक्षी जेमतेम एक मिमी होती. वळवाच्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून साबण होतो, त्याला नक्षी लागते. आता दीड मिमीला बदलतो.

उसाच्या हंगामात आणखी एक काम वाढतं. बैलगाड्यांच्या वाटेवर नालेचे खिळे पडलेले असतात, त्यामुळे संध्याकाळी चाक फिरवून हात लावून बघतो. (हातमोजा घाला, मी एकदा बोट कापून घेतलंय.)

नवा घेताना टायरच्या बाजूला छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मला एका दुकानात 'नवाच आहे साहेब' म्हणत चार वर्षं जुना टायर दाखवला होता. बसवताना बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळते का तेही बघून घ्या, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नका, नवं रबर गुळगुळीत असतं.

तुमच्या १८ हजारांवरून मी काहीच सांगू शकत नाही. स्टीलची पट्टी खाचेत घालून मागच्या टायरची खोली मधोमध आणि दोन्ही कडांना मोजा. कुठेही दीड मिमीच्या खाली असेल, तर ठोसेघरच्या आधी बदला. पुढचा बहुतेक चालून जाईल, पण त्याच्या भेगा बघा, नक्षी असूनही रबर कडक झालेलं असू शकतं.